घरपट्टीवर कर्ज : रांगेत पहिला कोण?

मराठी माणसाच्या मनात पानिपत हे गावाचे नाव कमी आणि सर्वनाशाचे नाव जास्त आहे. १७६१ च्या जानेवारीत तिथे काय झाले ते शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या मोहिमेतली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १७६० च्या पावसाळ्यात दिल्ली हाती आल्यावर सदाशिवरावभाऊंपुढे अब्दालीइतकाच मोठा प्रश्न फौजेच्या पगाराचा होता. तिजोरी रिकामी होती. अखेर लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. त्यातून जेमतेम महिनाभराचा खर्च निघाला.

आजचे पानिपत हे कामगारांचे गाव आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी इथला हातमाग पुन्हा उभा केला. परदेशातून गाठोड्यांनी येणारे जुने लोकरी कपडे फाडायचे, पिंजायचे, त्यांचे सूत काढायचे आणि त्या सुताची ब्लँकेटे विणायची, हा इथला मोठा धंदा. शिवाय चादरी, सतरंज्या, गालिचे आणि त्यांना लागणारी रंगाई. उत्तर प्रदेश-बिहारातून आलेला मजूर दिवसभर तंतूंची धूळ नाकातोंडात घेतो आणि रात्री भाड्याच्या खोलीत चार-पाच जणांत पाठ टेकतो. १९८५ च्या कायद्याने हे शहर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आले. २०१० साली इथे महापालिका झाली. नळाचे पाणी, गटार, रंगाईच्या सांडपाण्याची विल्हेवाट आणि कचरा हे प्रश्न मात्र अशा प्रत्येक कामगार शहरात असतात तसे इथेही आहेत. ते सोडवायला पैसा लागतो. तो आणायचा कुठून?

या प्रश्नाला दिल्लीतून एकच उत्तर पुन्हा पुन्हा येते आहे : बाजारातून कर्ज काढा. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी सांगितले की, मालमत्ता कराच्या कारभारात सुधारणा करून आणि सेवाशुल्काचा पैसा वेगळा राखून शहरांनी कर्जरोख्यांसाठी आपली पत वाढवावी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शहरांसाठी १ लाख कोटींचा 'अर्बन चॅलेंज फंड' जाहीर झाला. त्यातून प्रकल्पाच्या खर्चाचा २५ टक्क्यांपर्यंतचा वाटा मिळेल; अट ही की निदान ५० टक्के रक्कम कर्जरोखे, बँकांचे कर्ज किंवा खाजगी भागीदारीतून उभी राहिली पाहिजे. त्याआधीच पंधराव्या वित्त आयोगाने शहरी अनुदानाची सांगड मालमत्ता कराशी घातली होती : राज्याने कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि पुढे वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढवून दाखवावी. म्हणजे सरकारी मदत हवी असेल तर आधी घरपट्टी वाढवा आणि तिच्या जोरावर सावकार शोधा.

कामगार चळवळीने हा विषय आजवर हिशेबनिसांचा म्हणून बाजूला ठेवला. ती चूक होती असे आम्हाला वाटते. कसे, ते सांगण्याआधी या रोख्यांची यंत्रणा समजून घेऊ.

तिजोरीच्या दारातील रांग

कर्जरोखा म्हणजे कर्जाची चिठ्ठी. महापालिका ती विकते. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड ती घेतात. ठरलेल्या दराने व्याज आणि मुदतीअखेर मुद्दल द्यायचे. २०१५ साली सेबीने महापालिकांच्या रोख्यांसाठी नियम केले. पतमापन संस्था महापालिकेचे जमाखर्च तपासून श्रेणी देतात आणि त्या श्रेणीवर व्याजाचा दर ठरतो.

इथवर विशेष काही नाही. खरी गोम आहे ती एस्क्रो खात्यात. महापालिका आपला मालमत्ता कर, किंवा त्याचा ठरलेला भाग, बँकेतील एका वेगळ्या खात्यात जमा करण्याचे बंधन स्वीकारते. नागरिकाने भरलेली घरपट्टी आधी त्या खात्यात जाते. तिथे व्याजाचा हप्ता बाजूला काढला जातो. मग मुद्दल फेडण्याच्या निधीत भर पडते. अडीनडीसाठी राखीव रक्कमही ठेवली जाते. हे सगळे झाल्यावर जे उरते ते महापालिकेच्या नेहमीच्या तिजोरीत येते आणि त्यातून पगार, औषधे, दिवाबत्ती, शाळा, वस्तीतली गटारे यांचा खर्च चालतो.

तिजोरीच्या दारात एक रांग आहे असे समजा. रोखेधारक पहिल्या नंबरावर उभा आहे, आणि तो नंबर करारनाम्यात लिहून दिलेला आहे. कायम कर्मचारी त्याच्या मागे. ठेकेदार त्याच्याही मागे. आणि ठेकेदाराकडचा सफाई कामगार सगळ्यांत शेवटी, कारण ठेकेदाराचे बिल निघेपर्यंत त्याचा पगार निघत नाही. भरभराटीच्या वर्षी या रांगेचा कुणाला पत्ता लागत नाही. वसुली घसरली की मात्र पुढच्यांचे भागते आणि मागच्यांना हात हलवत परतावे लागते.

जकात गेली, घरपट्टी उरली

हा प्रयोग नवा नाही. अहमदाबाद महापालिकेने १९९८ साली राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले, व्याज १४ टक्के. पानिपत ज्या ग्रँड ट्रंक रोडवर आहे त्याच रस्त्यावर उत्तरेला असलेल्या लुधियानाने १९९९ साली रोखे काढले. त्याच वर्षी आपल्या नाशिकने १०० कोटी उभे केले, तेही पावणेपंधरा टक्के व्याजाने. २००१ साली नागपूरने ५० कोटी उभे केले. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ही त्यातली मुख्य कामे होती.

त्या काळी मोठ्या शहरांकडे जकात होती. अहमदाबादने तर जकात नाक्यांचे उत्पन्नच तारण ठेवले होते. रोज रोकड येणारा तो कर होता. पुढे राज्याराज्यांतून जकात गेली. महाराष्ट्रात तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ साली बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली. भरपाई मिळते, पण ती राज्य सरकारच्या हातून. महापालिकेला स्वतःचा म्हणावा असा मोठा कर आता एकच उरला : मालमत्ता कर. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ साली शहरांवर जबाबदाऱ्या सोपवल्या. उत्पन्नाची साधने मात्र पुढच्या तीस वर्षांत एकेक करून काढून घेतली. उरलेले एकमेव साधनही आता सावकाराकडे तारण ठेवायला सांगितले जाते आहे.

पुण्याचा धडा

मालमत्ता करावर आधारलेल्या रोख्यांचे आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे. सेबीच्या नव्या नियमांनंतर देशात पहिल्यांदा मोठी रक्कम उभी केली ती पुणे महापालिकेने, जून २०१७ मध्ये : २०० कोटी रुपये, मुदत १० वर्षे, व्याज ७.५९ टक्के. काम होते शहरभर चोवीस तास समान पाणीपुरवठ्याचे. मुंबई शेअर बाजारात समारंभ झाला, घंटा वाजली. मागणी विक्रीच्या जवळजवळ सहापट आली. पुढची मिळून २,२६४ कोटी उभे करण्याची योजना होती.

सहापट मागणीचे कौतुक पुष्कळ झाले. पण गुंतवणूकदार पाण्याच्या टाक्या पाहायला आले नव्हते. पुण्याच्या घरपट्टीची भरवशाची वसुली आणि एस्क्रो खाते पाहून ते आले होते. आणि मग काय झाले? त्याच वर्षी जलवाहिन्या आणि मीटर यांच्या निविदांवर वाद उठला. त्या रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. काम थांबले, व्याज थांबले नाही. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख; दिवसाला सुमारे ४ लाख १६ हजार रुपये. केंद्राने उत्तेजन म्हणून शंभर कोटींमागे १३ कोटी दिले हे खरे, पण ते एकदाच. व्याज दहा वर्षे द्यायचे आहे.

पुण्याने हप्ता चुकवलेला नाही. आमचा मुद्दा तो नाही. निविदा पक्क्या नसताना कर्ज उचलले तर त्या घाईची किंमत कर भरणारा मोजतो, हा पुण्याचा धडा आहे. पुण्यासारख्या श्रीमंत शहराला ती झेपली. पानिपतच्या आकाराच्या शहराला ती झेपेल का, हे आधी विचारले पाहिजे.

दुसरा धडा शेजारच्या पिंपरी-चिंचवडचा. या कामगारनगरीने जुलै २०२३ मध्ये ८.१५ टक्क्यांनी २०० कोटींचे रोखे काढले. त्या वेळी तिथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून प्रशासक कारभार पाहत होता. काम चांगले की वाईट हा प्रश्न वेगळा. पण नागरिकांच्या पुढच्या काही वर्षांच्या करावर बोजा चढवायचा आणि त्यावर एकाही नगरसेवकाने हो किंवा नाही म्हणायचे नाही, ही लोकशाही कुठली?

शेजारच्या गाझियाबादमध्ये

राजधानी क्षेत्रातले ठळक उदाहरण गाझियाबादचे. २०२१ साली तिथल्या नगर निगमने १५० कोटींचे 'हरित' रोखे ८.१ टक्क्यांनी विकले. सांडपाणी आणखी शुद्ध करून ते साहिबाबादच्या कारखान्यांना विकायचे, म्हणजे कारखाने भूजल उपसणार नाहीत, असा हा प्रकल्प. कल्पना चांगली आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पानिपतच्या रंगाई कारखान्यांनाही अशाच व्यवस्थेची गरज आहे. तिथले रंगीत पाणी नाल्यांतून यमुनेत जाते आणि त्याचा त्रास पहिल्यांदा भोगतो तो नाल्याकाठी राहणारा मजूर.

पण इथेच नीट पाहिले पाहिजे. शुद्ध केलेले पाणी कारखान्याला मिळणार असेल, तर कर्ज फिटायला हवे ते कारखान्याने दिलेल्या पाण्याच्या दरातून. ते उत्पन्न कमी पडले तर तूट कोण भरणार? महापालिकेचे सर्वसाधारण उत्पन्न तारण असेल, तर तूट शहरातला प्रत्येक करदाता भरतो. कारखान्यासाठी झालेल्या सोयीचा धोका वस्तीतल्या घरपट्टीवर येतो. म्हणून रोखे निघण्याआधीच मालकांनी किती पाणी, कोणत्या दराने, किती वर्षे घ्यायचे याचा बांधील करार झाला पाहिजे. धंदा त्यांचा आहे, तर जोखीमही त्यांनीच उचलावी.

भाडेकरूही करदाताच

कामगाराच्या नावावर घर नाही, मग घरपट्टीशी त्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. खोलीचा मालक कर वाढला की भाडे वाढवतो. पावती मालकाच्या नावाची, पैसा मजुराचा. त्याला नळजोड मागायचा अधिकार नाही, सभागृहात त्याच्या नावाने बोलणारा कुणी नाही, पुष्कळदा मतदार यादीतही त्याचे नाव गावाकडे असते.

मालमत्ता कर वाढवूच नये असे आम्ही म्हणत नाही. जमिनीच्या किमती शहराच्या पैशाने वाढतात; त्यातला वाटा शहराला परत मिळाला पाहिजे. प्रश्न आहे तो कुणाकडून किती घ्यायचे हा. हरियाणात घरांवरचा कर प्लॉटच्या चौरस गजांवर टप्प्याटप्प्याने आकारतात. एकाच मापाच्या दोन प्लॉटांपैकी एकावर बंगला असतो आणि दुसऱ्यावर मजुरांच्या खोल्यांची रांग. गेल्या काही वर्षांत तिथे मालमत्तांचे नवे सर्वेक्षण झाले, तेव्हा नाव एकाचे आणि क्षेत्रफळ दुसऱ्याचे असल्या चुकांच्या तक्रारींचा राज्यभर पाऊस पडला. ज्या नोंदवहीवर घरमालकाचाच विश्वास नाही, तिच्या आधारावर दहा वर्षांचे कर्ज काढणे धोक्याचे आहे. उलट मुंबईत जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. लहान घराला सूट आणि गोदामे, मॉल, रिकामे ठेवलेले भूखंड यांच्याकडून पूर्ण वसुली, हा रस्ता मोकळा आहे. बड्या थकबाकीदारांची यादी लावली तर पुष्कळ शहरांना कर्जाची रक्कमही कमी करता येईल.

पतमापन आणि झाडू

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. पतमापन करणारा महापालिकेचे उत्पन्न पाहतो आणि खर्चही पाहतो. त्याच्या वहीत कायम कामगाराचा पगार 'आस्थापना खर्च' म्हणून दिसतो. तो कमी तर श्रेणी बरी. मग आयुक्तांना सोपा उपाय दिसतो : रिक्त जागा भरायच्या नाहीत, काम ठेक्याने द्यायचे.

हरियाणातील नगरपालिका कामगार याच ठेकेदारीविरुद्ध मे २०१८ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्यभर संपावर गेले. मुंबईतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे लढावे लागले. त्यानंतर दोनच महिन्यांनी पुण्याच्या रोख्यांसाठी शेअर बाजारात घंटा वाजली. रोखेधारकाला आपल्या हप्त्यासाठी कोर्टात जावे लागू नये म्हणून एस्क्रो खाते आहे. झाडूवाल्याला आपल्या पगारासाठी असे कोणते खाते आहे?

ही भीती काल्पनिक नाही. न्यूयॉर्क शहर १९७५ साली दिवाळखोरीच्या कडेला आले, तेव्हा कर्ज उभारायला वेगळे महामंडळ काढून शहराचा विक्रीकर थेट त्याच्या रोखेधारकांकडे वळवण्यात आला. हजारो पालिका कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, पगार गोठले, भुयारी रेल्वेचे भाडे ३५ सेंटवरून ५० सेंट झाले, आणि १९७६ साली शहराच्या विद्यापीठातले मोफत शिक्षण संपले. शहर वाचवण्यासाठी कामगार संघटनांनी आपल्या निवृत्तिवेतन निधीतला पैसा त्याच रोख्यांत घातला. डेट्रॉइट या मोटारींच्या शहराने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिथे सामान्य सेवेतल्या निवृत्त कामगारांच्या पेन्शनमध्ये साडेचार टक्के कपात झाली आणि महागाईची वाढ बंद झाली. जन्मभर काम करून कमावलेली पेन्शन न्यायालयात एक 'देणे' म्हणून उभी राहिली. आपल्या महापालिकांची कर्जे आज त्या मानाने लहान आहेत. म्हणूनच अटी ठरवण्याची वेळ आज आहे.

आमची भूमिका

शहराने कर्ज काढूच नये, ही आमची भूमिका नाही. पन्नास वर्षे टिकणारी जलवाहिनी एका वर्षाच्या उत्पन्नातून होत नाही, आणि तिचा लाभ घेणाऱ्या पुढच्या पिढीने तिचा भार काही अंशी उचलणे न्यायाचे आहे. शुद्ध पाणी आणि गटार ही कामगार वस्तीची पहिली गरज आहे. पण पिण्याचे पाणी आणि मलनिस्सारण ही प्रथम सरकारची जबाबदारी आहे; केंद्र आणि राज्य यांनी आपला वाटा टाकून शहराला बाजाराकडे ढकलू नये. एवढे झाल्यावरही कर्ज लागणार असेल, तर आमच्या मागण्या अशा आहेत :

पहिली, निवडून आलेल्या सभागृहाच्या ठरावाशिवाय रोखे काढू नयेत. करारनाम्याचा गोषवारा स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावा. प्रशासकाच्या सहीने नागरिकांची घरपट्टी तारण ठेवू नये.

दुसरी, रोखेधारकांच्या हप्त्यांसाठी जशी राखीव रक्कम ठेवतात, तशीच कायम आणि कंत्राटी अशा सर्व कामगारांच्या निदान तीन महिन्यांच्या वेतनाची आणि भविष्य निर्वाह निधीच्या भरण्याची राखीव रक्कम त्याच करारात बांधून ठेवावी. रांगेत आम्हाला सावकाराच्या बरोबरीने उभे राहायचे आहे.

तिसरी, जमीन ताब्यात येऊन निविदा पक्क्या होईपर्यंत कर्ज उचलू नये.

चौथी, लहान घरांना करात सूट द्यावी, बड्या थकबाकीदारांची यादी जाहीर करावी, आणि मालकाची पावती न मागता भाडेकरू वस्तीला नळजोड द्यावा.

पाचवी, कर्जातून उभा राहणारा प्रकल्प चालवायला कायम कर्मचारी नेमावेत. पन्नास वर्षांची जलवाहिनी अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर चालत नाही.

शाखांमधील कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की, महापालिकेच्या अर्थसंकल्पाचे पुस्तक मिळवा. न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात मागा. त्यातून चार आकडे काढा : घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, कर्जाच्या हप्त्यांवर खर्च किती आणि कामगारांची थकलेली देणी किती. हे चार आकडे फळ्यावर लिहून द्वारसभेत वाचून दाखवा. पुणे, नागपूर, नाशिक येथील साथींनी आपला अनुभव उत्तरेच्या साथींना कळवावा. पानिपतच्या ब्लँकेट गिरणीतला बिहारी मजूर आणि पिंपरीच्या कारखान्यातला मराठवाड्याचा कामगार यांच्या खोलीभाड्यातून उद्या एकाच तऱ्हेचे व्याज वसूल होणार आहे.

दिवाण-ए-खासचे छत एकदाच उतरवता आले. घरपट्टी दरवर्षी येते, म्हणून सावकाराला ती चांदीच्या छतापेक्षा अधिक प्यारी आहे. ती कुणाच्या कष्टातून येते आणि आधी कुणाला मिळते, हे ठरवण्याच्या बैठकीत कामगारांचा प्रतिनिधी बसलाच पाहिजे. त्यासाठी संघटनेने आतापासून तयारीला लागावे.